घडीच्या चाकूचे पोलाद

घडीचा चाकू विकत घेताना आपण मूठ पाहतो, बोटाने धार चाचपतो आणि किंमत विचारतो. पाते कोणत्या पोलादाचे, हे क्वचितच विचारतो. रोज राबवायच्या चाकूत खरा प्रश्न मात्र तोच असतो.

पात्याकडून आपल्या तीन अपेक्षा असतात: धार टिकावी, पाते मोडू नये आणि गंज चढू नये. पोलादात कार्बन वाढवून त्याला पाणी दिले की ते कठीण होते, धार टिकते. पण फार कठीण पाते ठिसूळही होते. शिवाय लिंबू चिरल्यावर लोखंडी विळी काळी पडते, हे आपण घरी पाहतोच. जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये फ्रान्सच्या साव्वा प्रांतात बनवलेला प्रसिद्ध चाकू कार्बन-पोलादाचाच होता. असा चाकू ओला मिटून खिशात ठेवला, की गंज ठरलेलाच.

यावर तोडगा निघाला तो बंदुकीमुळे! इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हा बंदुकीच्या नळ्या लवकर का झिजतात, याचा शोध घेत होता. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेले पोलाद ओतले. ते सहजी गंजेना. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर त्याचे रक्षण करत होता. ब्रिअर्लीच्या मनात लगेच सुऱ्या आल्या. पण कारागिरांना त्या पोलादाला नीट पाणी देता येईना. 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक' अशी त्याची थट्टा झाली.

दोष पोलादाचा नव्हता. साधे पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून विझवतात. या पोलादाला हजाराच्या आसपास उष्णता लागते. कमी तापवले, तर कार्बन क्रोमियमशी जखडलेलाच राहतो आणि पाते मऊ पडते. अर्नेस्ट स्टुअर्ट या सुऱ्यांच्या जाणकाराने ही अडचण सोडवली आणि व्हिनेगरमध्ये परीक्षा घेऊन 'स्टेनलेस' हे नाव सुचवले.

स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर १८९१ पासून सैन्याला घडीचे चाकू पुरवत होता. १९२१ मध्ये त्याच्या कारखान्याने स्टेनलेस पोलाद स्वीकारले. एल्सनरच्या आईचे नाव व्हिक्टोरिया आणि न गंजणारे या अर्थाचा 'इनॉक्स' हा शब्द जोडून 'व्हिक्टोरिनॉक्स' हे नाव झाले.

पुढे धार अधिक टिकावी म्हणून कार्बन व व्हॅनेडियम वाढवले गेले. पण ओतीव पोलादात कार्बाइडचे मोठे खडे तयार होऊन पाते ठिसूळ होई. १९७० च्या सुमारास वितळलेल्या पोलादाचा फवारा उडवून भुकटी करण्याची आणि ती उष्णतेने व दाबाने सांधण्याची पद्धत व्यवहारात आली. थेंब झटकन थिजतो, त्यामुळे कार्बाइड बारीक राहतात. २००१ मध्ये आलेले एस-३०-व्ही हे खास चाकूंसाठीचे पोलाद याच पद्धतीचे. मात्र त्याला पुन्हा धार लावणे कष्टाचे असते.

तेव्हा सर्वांत उत्तम पोलाद कोणते, हा प्रश्नच चुकीचा. दोर, पुठ्ठे सतत कापायचे असतील तर धार टिकणारे घ्यावे; पाते पिळवटले जाणार असेल तर थोडे मऊ पण चिवट; ओल्यात काम असेल तर न गंजणारे. आणि पाणी नीट दिले नसेल, तर नावाजलेले पोलादही व्यर्थ.

वर्गात लोखंडी खिळा आणि स्टेनलेसचा चमचा रात्रभर लिंबाच्या रसात ठेवून पाहू या. ब्रिअर्लीने काय साधले, ते मुलांना सकाळी दिसेल.