तोफनौकेपासून क्षेपणास्त्र नौकेपर्यंत : कोकण किनाऱ्याच्या संदर्भात

लहान नौकेवर मोठे शस्त्र कसे बसवावे, हा नौयुद्धाच्या इतिहासातील एक जुना प्रश्न होय. पन्हाळा-जोतिबाच्या डोंगराळ मुलुखात सत्ताकेंद्र असलेल्या करवीर राज्यालाही तो परिचित होता. इ.स. १८१२ च्या तहाने सिंधुदुर्ग व मालवण इंग्रजांकडे जाईपर्यंत तेथे करवीरचे आरमार होते. त्यातील गलबत ही त्या काळाची तोफनौकाच म्हणता येईल. ते वल्ह्यांमुळे चपळ असे, परंतु मोठ्या तोफेचे वजन आणि ती डागताना बसणारा धक्का त्याच्या हलक्या सांगाड्यास पेलत नसे. साहजिकच मोठ्या तोफा गुराबांवर असत आणि वारा पडला की गलबतेच गुराबांना दोराने ओढून नेत.

वाफेच्या इंजिनाने तोफनौकेला वेग दिला. धक्क्याची अडचण मात्र कायम राहिली. ती प्रथम पाणतीराने आणि नंतर क्षेपणास्त्राने दूर केली, कारण ही शस्त्रे स्वतःच्या शक्तीने पुढे जातात. येथे एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. क्षेपणास्त्र नौकेचा थेट पूर्वज तोफनौका नसून पाणतीर-नौका होय. सोव्हिएत संघाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या पाणतीर-नौकेच्याच सांगाड्यावर दोन पी-१५ क्षेपणास्त्रे बसवून ‘कोमार’ नौका सिद्ध केली. पुढील ‘ओसा’ नौकेवर अशी चार क्षेपणास्त्रे होती. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी पोर्ट सैदजवळ इजिप्तच्या कोमार नौकांनी ‘ऐलात’ ही इस्रायली विनाशिका बुडविली, तेव्हा या लहान नौकेचे सामर्थ्य जगाच्या लक्षात आले.

भारताने घेतलेल्या आठ ओसा नौका १९७१ मध्ये कलकत्त्यास उतरविण्यात आल्या आणि तेथून मोठ्या जहाजांनी त्या दोराने ओढत मुंबईस आणल्या. पूर्वी लहान नौका मोठीला ओढीत असे. आता हा क्रम उलटला होता. या नौका मुळात किनारा व बंदर यांच्या रक्षणासाठी घडविलेल्या, त्यांचा पल्ला तोकडा. असे असूनही ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन नौका ‘किल्टन’ व ‘कच्छल’ यांच्या सोबतीने कराचीपर्यंत पोहोचल्या. स्क्वाड्रनचे नेतृत्व बब्रूभान यादव यांच्याकडे होते. पाकिस्तानची ‘खैबर’ विनाशिका व ‘मुहाफिज’ ही सुरुंग काढणारी नौका बुडाली. ८ डिसेंबरच्या रात्री एकट्या ‘विनाश’ने ‘तलवार’ व ‘त्रिशूल’ यांच्या साथीने चार क्षेपणास्त्रे डागली. केमारी येथील तेलसाठे पेटले. संरक्षणाचे साधन आक्रमणासाठी वापरण्याचा हा निर्णय यंत्राइतकाच महत्त्वाचा मानावा लागेल.

यानंतरच्या पिढीतील ‘विभूती’ ही नौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि १९९१ मध्ये नौदलात दाखल झाली. ओसाहून आकाराने दुपटीपेक्षा मोठ्या असलेल्या या नौकेच्या नाळेवर, क्षेपणास्त्रांच्या जोडीला, ७६ मिलिमीटरची तोफ पुन्हा बसविण्यात आली.