अश्वशक्तीची पायली

पूर्वी आपल्याकडे धान्याचा सौदा करताना पायली कोणत्या गावची, हे आधी ठरवावे लागे. १९५६च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली आणि धान्यापुरता हा घोळ मिटला. मोटारीच्या ताकदीबाबत मात्र तो जगभर अजून शिल्लक आहे. एकच गाडी दोन ठिकाणच्या रोलरवर चढवली, तर अश्वशक्तीचे आकडे क्वचितच जुळतात. मग खोटे कोण? उत्तरासाठी या मापाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

जेम्स वॉटला वाफेची इंजिने विकायची होती आणि गिऱ्हाईक त्यांची तुलना घोड्यांशीच करणार होते. म्हणून त्याने गिरणीचा घोडा हिशेबात घेतला. १२ फूट त्रिज्येचे रिंगण, तासाला १४४ फेऱ्या आणि १८० पौंडांची ओढ. याचे मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड होतात. १७८३च्या सुमारास त्याने ३३,००० हा आकडा पक्का केला. म्हणजे अश्वशक्ती जन्मली ती व्यवहाराच्या सोयीसाठी, प्रयोगशाळेत नव्हे. पुढे युरोपने मेट्रिक अश्वशक्ती निराळी ठरवली. इंग्रजी घोडा ७४५.७ वॉटचा, तर मेट्रिक घोडा ७३५.५ वॉटचा.

एकक ठरले तरी मोजायचे कसे, हा प्रश्न उरलाच. १८२१ मध्ये फ्रान्सच्या गास्पार द प्रोनीने फिरत्या दांड्यावर लाकडी ब्रेक आवळून त्याचा जोर वजनाने तोलला. १८७७ मध्ये इंग्लंडच्या विल्यम फ्राउडने हेच काम पाण्याच्या रोधाने केले. या पद्धतींत इंजिनाचा दांडा थेट मापकाला जोडलेला असे.

पण दांड्याशी मोजतानाही इंजिन कोणत्या अवस्थेत आहे, यावर आकडा बदलतो. अमेरिकेत १९७१ पर्यंत जाहिरातींत ‘ग्रॉस’ अश्वशक्ती छापत. पंखा, एअर फिल्टर, गाडीचा नेहमीचा सायलेन्सर वगैरे न जोडता उघडे इंजिन चालवून ती मोजलेली असे. १९७२ पासून हे सारे जोडून मोजलेली ‘नेट’ अश्वशक्ती रूढ झाली. १९७१च्या कॅडिलॅक एल्डोराडोचे आकडे पाहा : ग्रॉस ३६५, नेट २३५. इंजिन एकच, फरक १३० घोड्यांचा!

रोलरवर तर इंजिन बाहेर काढलेलेच नसते. गाडीची चाके रोलर फिरवतात आणि यंत्राला चाकांवर पोचलेलीच शक्ती दिसते. गिअरबॉक्स आणि टायर यांनी आपला वाटा आधीच खाल्लेला असतो. काही यंत्रे जड ड्रमचा वेग किती झपाट्याने वाढतो यावरून शक्ती काढतात, तर काही विजेच्या ब्रेकने रोध देऊन. लहान जोडरोलरवर टायर जास्त दबतो, मोठ्या रोलरवर कमी. टायरमधली हवा, गाडी बांधलेल्या पट्ट्यांचा ताण, खोलीचे तापमान यांनीही आकडा हलतो. त्यावर हवामानाची दुरुस्ती कोणत्या मानकाने केली आणि वाटेतली घट किती धरली, हे चालवणाऱ्याच्या हाती. म्हणून दोन रोलरांचे आकडे शेजारी मांडणे म्हणजे दोन गावच्या पायल्या एकमेकींत ओतणे.

मग रोलर निरुपयोगी ठरतो का? १९९९ची घटना तसे म्हणू देत नाही. फोर्डने त्या वर्षीच्या मस्टँग कोब्राला ३२० अश्वशक्ती असल्याचे जाहीर केले. मालकांनी गाड्या रोलरवर नेल्या, तेव्हा एवढी ताकद काही दिसेना. तक्रारी वाढल्या. अखेर कंपनीने न विकलेल्या गाड्यांची विक्री थांबवली आणि विकलेल्या परत बोलावून इंजिनाकडे येणारा हवेचा मार्ग व धूर बाहेर टाकणारा मार्ग दुरुस्त करून दिला.

रोलरचा आकडा हे इंजिनाविषयीचे अंतिम सत्य नव्हे. पण एकाच रोलरवर, सारख्याच परिस्थितीत घेतलेल्या दोन आकड्यांमधला फरक बरेच खरे बोलतो. गाडीत बदल करून ताकद वाढवल्याचा दावा कोणी केला, तर आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही कागद मागावेत आणि ते एकाच यंत्रावरचे आहेत ना, एवढे पाहावे. वॉटचा घोडा सौद्यासाठी जन्मला. सौद्यात नुसते माप पाहून भागत नाही, मापारीही पाहावा लागतो.