भोगवर्धनच्या बाजारात तुमचं दुकान

केळना नदी आहे, भोकरदन मात्र दिसत नाही. एसटी स्टँड, कापसाच्या गाड्या, बियाण्यांचे फलक, सगळं गेलेलं. काठावरची लेणीसुद्धा नाहीत. ती कोरायला अजून काही शतकं आहेत. साल इ. स. 60 च्या आगेमागे. राज्य सातवाहनांचं, निदान आजपुरतं तरी. पश्चिमेकडून क्षत्रप सरकताहेत. गावाचं नाव भोगवर्धन, आज बाजार भरलाय आणि तुमच्या खांद्यावर मण्यांची पोतडी आहे.

फडकं अंथरा. लाल अकीक पुढे मांडा, पट्ट्यापट्ट्यांचे गोमेद मागे. दगड इथल्याच काळ्या खडकातून सुटून नदीच्या गोट्यांत मिळतो, फुकट. पुढचं काही फुकट नाही. तो मंद आगीत तापवून लाल करायचा, फोडून आकार द्यायचा, घासायचा आणि शेवटी दोरीच्या कमानीने फिरणाऱ्या गिरमिटाने भोक पाडायचं. एका बाजूने अर्धं, दुसऱ्या बाजूने अर्धं. मधे गाठ पडली नाही किंवा मणी तडकला, तर सगळी मेहनत मातीत.

हे गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नसतो. एक बाई मणी उन्हात धरते, डोळा बारीक करते, भाव विचारते आणि सरळ शेजारच्या शंखाच्या बांगड्यांकडे वळते. तिची प्राकृत बोली तुम्हाला निम्मीशिम्मी कळते. नाक मुरडणं पूर्ण कळतं. दुपारी शिदोरी सोडाल तेव्हा मिरची शोधू नका. ती यायला दीड हजार वर्षं आहेत.

तुमच्या उजव्या हाताला दंतकार बसलाय. त्याच्यापुढे एकच नग, वीतभर उंचीची हस्तिदंती बाई. एक पाय दुसऱ्यापुढे टाकलेला, पोटरीभर वाळे, मनगटापासून वरपर्यंत बांगड्या, दोन्हीकडे शृंगाराचं सामान धरलेल्या दोन छोट्या दासी. दागिने भरपूर, वस्त्र जवळजवळ नाहीच. ती देवी नाही. डोक्यात वरून भोक आहे. तिच्यावर आरसा बसेल, नाहीतर ती एखाद्या चौरंगाचा पाय होईल.

तांड्याचा व्यापारी तिला हातात घेऊन वजन अजमावतो. कोरीवकाम त्याला दिसतं, पण पैसे तो दाताचे मोजू पाहतो. त्याला उज्जैनकडची वाट धरायची नाही. गाडे भरूकच्छला, म्हणजे भरूचला न्यायचेत. ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत हाच व्यापार नोंदलेला आहे: पैठणहून गाड्यांनी येणारा गोमेद, तेरचं कापड, भरूचहून जहाजात चढणारा हस्तिदंत. पैठण ते भरूच वीस दिवसांची वाट.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसने पाँपेई गाडलं. 1938 साली पुरातत्त्वज्ञ मायुरी यांना तिथल्या एका घरात अशीच बाई सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि तिला ‘लक्ष्मी’ म्हणतात. भोकरदनला 1973 मध्ये शां. भा. देव आणि रमेश गुप्ते यांनी उत्खनन केलं, तेव्हा तिची तुटकी बहीण शोभावी अशी हस्तिदंती मूर्ती निघाली. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे, त्यामुळे काही अभ्यासक तिला वायव्येची मानतात. अक्षर वाटेतही कोरता येतं. मला भोकरदनची तुटकी मूर्ती जास्त वजनदार पुरावा वाटते.

पुढे असा वाद नको म्हणून तुम्ही वाकून दंतकाराला सुचवता, खाली तुमचं नाव कोरा ना.

“नावानं भाव वाढतो का, भाऊ?”

वाढत नाही. पण सांचीला आणि भारहुतला दान देणाऱ्या भोगवर्धनकरांची नावं दगडात कोरलेली आहेत, आजही वाचता येतात. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनीही आपली नोंद सोडली आहे, पण तेही समूह म्हणून. दिलं त्याचं नाव राहिलं. विकलं त्याचं कोण लिहिणार? दंतकाराला ही खंत नाही. त्याची काळजी वेगळी: व्यापारी चांदीचे कार्षापण देतोय की शिशाची नाणी पुढे सरकवतोय? तो प्रत्येक नाणं उलटून पाहतो. एक परत करतो, बदलून घेतो, आणि बाई गवतात गुंडाळून देतो.

आता व्यापारी तुमच्या फडक्यासमोर उकिडवा बसतो. लाल मण्यांची अख्खी माळ उचलतो, दोन मणी नखाने खरवडतो आणि आकडा बोलतो. तुम्ही मान डोलावणार, एवढ्यात दंतकार कोपर मारतो.

“दुप्पट सांगा. त्याला सगळ्याच माळा पाहिजेत.”

तुम्ही दुप्पट सांगता. व्यापारी उठतो, चार पावलं जातो आणि तिथूनच ओरडून विचारतो, लाल अजून किती आहेत म्हणून.