घरी बांधलेल्या मोटारगाडीच्या स्टीअरिंग रॅकमधील फेरबदल

घरी बांधलेल्या मोटारगाडीच्या स्टीअरिंग रॅकमधील फेरबदल म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या एखाद्या गाडीचा रॅक-पिनियन संच काढून तो वेगळ्या मापाच्या सांगाड्यावर बसवताना त्याची लांबी, गती किंवा जागा यांत केलेले बदल होत. स्टीअरिंग निकामी झाल्यास चालकाच्या हाती गाडी वळवण्याचा दुसरा उपाय राहत नाही. त्यामुळे हौशी बांधणीतील हे काम ब्रेकइतकेच जोखमीचे मानले जाते.

पार्श्वभूमी

रॅक-पिनियन पद्धतीत स्टीअरिंगच्या दांड्याच्या टोकाला पिनियन हे लहान दंतचक्र असते. ते फिरले की दात पाडलेला आडवा दांडा, म्हणजे रॅक, डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो. रॅकच्या दोन्ही टोकांना जोडलेले टायरॉड पुढच्या चाकांच्या स्टीअरिंग आर्मना ओढतात किंवा ढकलतात. १९४८ साली बाजारात आलेल्या मॉरिस मायनर या गाडीत ही पद्धत होती. भाग कमी व वजन हलके असल्याने पुढे लहान गाड्यांमध्ये ती सर्वत्र रूढ झाली.

कॉलिन चॅपमन यांच्या लोटस सेव्हन (१९५७) या गाडीच्या धर्तीवर ब्रिटनमध्ये घरगुती बांधणीची मोठी परंपरा निर्माण झाली. रॉन चॅम्पियन यांच्या १९९६ मधील पुस्तकामुळे ‘लोकॉस्ट’ हा स्वस्त प्रकार लोकप्रिय झाला. त्यात जुन्या फोर्ड एस्कॉर्ट गाडीचे भाग वापरले जात. एस्कॉर्टच्या पुढील बाजूस मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शन होते, तर लोकॉस्टला दुहेरी विशबोन असते. एका प्रकारच्या सस्पेन्शनसाठी आखलेला रॅक दुसऱ्यावर बसवल्याने लांबीचा व उंचीचा प्रश्न उभा राहतो.

लांबी, उंची आणि बम्प स्टीअर

खड्ड्यातून जाताना चाक वर-खाली झाले की स्टीअरिंग न फिरवताही चाकाची दिशा बदलते. या दोषास बम्प स्टीअर म्हणतात. चाक विशबोनच्या मापाने एका कमानीत फिरते आणि टायरॉडचे बाहेरचे टोक दुसऱ्या कमानीत. या दोन कमानी जुळल्या नाहीत की हा दोष उद्भवतो. दुहेरी विशबोनच्या गाडीत समोरून पाहता टायरॉडचा आतला सांधा विशबोनच्या आतल्या बिजागऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर व बाहेरचा सांधा बाहेरच्या बॉल जॉइंटना जोडणाऱ्या रेषेवर असावा. तसेच टायरॉडची रेषा वाढवल्यास ती दोन्ही विशबोनच्या वाढवलेल्या रेषा जेथे मिळतात त्या बिंदूतून जावी.

चूक कोठे आहे हे मोजणीतून ओळखता येते. चाक वर जाताना एका दिशेने आणि खाली जाताना विरुद्ध दिशेने वळत असेल, तर रॅकची उंची चुकलेली असते. दोन्ही वेळा ते एकाच दिशेने वळत असेल, तर दोष लांबीचा असतो. उदाहरणार्थ, रॅक आसाच्या पुढे असून तो जास्त लांब, म्हणजे टायरॉड आखूड असेल, तर चाकाची पुढची कड दोन्ही वेळा आत ओढली जाते. रॅक आसाच्या मागे असल्यास परिणाम उलट होतो. मोजणीसाठी स्प्रिंग काढून, रॅक मध्यावर पक्का करून, हबवर सपाट पट्टी बसवतात आणि चाक दर १० मिलिमीटरला उचलत नोंदी घेतात.

लांबी बदलण्याच्या पद्धती

रॅक आखूड करताना दात नसलेल्या बाजूचा दांडा कापून त्यावर नव्याने आटे पाडतात व बाहेरची नळीही तेवढीच कमी करतात. पिनियन एका बाजूला असल्याने दात असलेली बाजू फारशी कापता येत नाही. कापल्यानंतर दोन्ही बाजूंना सारखा प्रवास उरला आहे याची खात्री करावी लागते. रॅक लांब करायचा असल्यास टोकांना आटे असलेले जोडतुकडे बसवून लॉकनटने घट्ट करतात.

रॅकचा दांडा सहसा कठीण केलेल्या पोलादाचा असतो. तो मध्ये कापून वेल्डिंग केल्यास जोडालगतचा भाग ठिसूळ होतो व पूर्वसूचनेशिवाय तुटू शकतो. बाहेरून जोड नीट दिसला तरी ही भीती राहते, म्हणून हा मार्ग टाळला जातो. शक्य असल्यास हव्या त्या लांबीचा नवा रॅक बनवून घेणे अधिक सुरक्षित असते.

गती बदलणे

स्टीअरिंगच्या एका फेऱ्यात रॅक किती सरकतो यावर त्याची गती ठरते. रॅकचा एकूण प्रवास १५० मिलिमीटर असेल आणि एका फेऱ्यात तो ४४ मिलिमीटर सरकत असेल, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ३.४ फेरे लागतात. प्रत्येक फेऱ्यात ६० मिलिमीटर सरकणारा जलद संच बसवल्यास २.५ फेरे पुरतात.

मात्र त्याच प्रमाणात हातावरचा भार वाढतो. रॅकवर २,००० न्यूटन बल लागत असेल आणि चालकाच्या चाकाचा व्यास ३५० मिलिमीटर असेल, तर घर्षण वगळता पहिल्या संचात कडेवर सुमारे ८० न्यूटन आणि दुसऱ्यात सुमारे १०९ न्यूटन बल द्यावे लागते. हलक्या गाडीत हे चालते; जड गाडीत थांबल्या जागी वळवणे कठीण होते.

जागा बदलणे

रॅक आसाच्या मागून पुढे आणला व स्टीअरिंग आर्मही पुढे वळवले, तर रॅकच्या त्याच हालचालीने चाके विरुद्ध दिशेला वळतात. पिनियन दांड्याच्या दुसऱ्या बाजूस असलेला रॅक न वापरल्यास चालकाने डावीकडे फिरवलेली गाडी उजवीकडे वळेल.

वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावे लागते. ही कल्पना म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांची असून रुडॉल्फ अकरमान यांनी १८१८ साली इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. आसांतील अंतर २.३ मीटर, किंगपिनमधील अंतर १.२ मीटर आणि मागच्या आसाच्या मध्याची वळणत्रिज्या ५ मीटर धरल्यास आतले चाक सुमारे २७.६ अंश व बाहेरचे २२.३ अंश वळावे लागते. मागे असलेले आर्म आतल्या बाजूस झुकलेले असतात. त्यांच्या डाव्या-उजव्या जागांची अदलाबदल करून ते पुढे आणल्यास हे प्रमाण उलटे होते.

सुरक्षितता

टायरॉड व स्टीअरिंग आर्म टोकाच्या वळणावर एका रेषेत आल्यास जोडणी उलटी पलटून चाक अडकू शकते. त्याआधीच रॅकला थांबवणारे पक्के अडसर आवश्यक असतात. टायर विशबोनला किंवा ब्रेकच्या नळीला लागत नाही, बॉल जॉइंट आपल्या मर्यादेपलीकडे वाकत नाहीत, हेही सस्पेन्शनच्या सर्व स्थितींत तपासतात. स्टीअरिंगच्या दांड्यात एकच युनिव्हर्सल जॉइंट ३० अंशांत वाकवल्यास गती ०.८७ ते १.१५ पट अशी कमी-जास्त होते. दोन सांधे समान कोनात व योग्य जुळणीने बसवल्यास हा दोष नाहीसा होतो.

नियम

ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी वैयक्तिक वाहन मान्यतेची तपासणी होते व तीत स्टीअरिंगही पाहिले जाते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल वाहनमालकास करता येत नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी हे काम मुख्यतः स्पर्धांच्या गाड्यांवर करतात. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेच्या नियमांत चालकाचे चाक पुढच्या चाकांना यांत्रिक रीतीने जोडलेले असणे, अडसर असणे आणि स्टीअरिंगमधील एकूण ढिलाई ७ अंशांहून अधिक नसणे बंधनकारक आहे.