आरएक्स १०० साठी सायलेन्सर हाताने बनवतात म्हणजे नेमकं काय करतात?

गल्लीत आरएक्स १०० शिरली की न बघताच कळतं. तो आवाजच तिची ओळख. १९८५ मध्ये भारतात आलेल्या या गाडीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. पण क्रेझ थांबली नाही. आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात नवी आरएक्ससुद्धा पंचविशी ओलांडून गेली आहे.

वय झालं की सायलेन्सर आतून गंजतो, कार्बनने तुंबतो, पत्र्याला भोकं पडतात. मग मालकासमोर प्रश्न येतो, कंपनीसारखाच शोधायचा की फॅब्रिकेशनवाल्याकडून नवा बनवून घ्यायचा? रील्सवर हे काम पाच मिनिटांचं वाटतं. प्रत्यक्षात चुकलेला सायलेन्सर पिस्टन खातो. कसा, ते समजून घेऊ.

सायलेन्सर फक्त आवाज कमी करतो का?

फोर स्ट्रोक गाडीत बऱ्याच अंशी हो. टू स्ट्रोकमध्ये नाही. इथे सायलेन्सर हा इंजिनाचाच एक भाग असतो.

आरएक्सचं इंजिन ९८ सीसीचं, टू स्ट्रोक. त्यात फोर स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली गेला की जळालेला धूर बाहेर जाणारी खिडकी उघडते आणि लगेच ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येणाऱ्या खिडक्याही उघडतात. म्हणजे काही क्षण दोन्ही दारं एकाच वेळी उघडी.

दादर स्टेशनवर लोकल थांबल्यावर काय होतं, आठवा. उतरणाऱ्यांच्या रेट्यात नुकताच चढलेला माणूसही बाहेर फेकला जातो. इंजिनातही हेच होतं. धुरासोबत ताजं मिश्रणही बाहेर पळतं. पेट्रोल वाया, ताकद कमी.

आता समजा, दार बंद होण्याच्या नेमक्या क्षणी प्लॅटफॉर्मवरून कुणीतरी त्या माणसाला परत आत ढकललं तर? हे ढकलण्याचं काम सायलेन्सर करतो.

हे ढकलणं जमतं कसं?

धूर बाहेर पडताना दाबाची एक लाट तयार होते. ती गरम धुरातून सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने पळते. पाइप रुंद होत गेला की त्या लाटेचा काही भाग उलटा फिरतो आणि सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेतो. पाइप पुढे अरुंद होत गेला की परत येणारी लाट दाबाची असते. ती बाहेर पळालेलं मिश्रण सिलिंडरमध्ये रेटते.

म्हणून अशा पाइपचा आकार मासा गिळलेल्या सापासारखा असतो, मध्ये फुगलेला आणि दोन्हीकडे निमुळता. याला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. त्याचे भाग असे :

- बेंड पाइप : इंजिनाला जोडलेला सुरुवातीचा पाइप
- पहिला शंकू : रुंद होत जाणारा
- पोट : मधला सरळ, सगळ्यात जाड भाग
- उलटा शंकू : अरुंद होत जाणारा
- शेवटचा बारीक पाइप, त्याला स्टिंगर म्हणतात
- त्यापुढे आवाज दाबणारा, फायबरग्लासची लोकर भरलेला डबा

या तंत्राला खरी धार दिली पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतले इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी. १९६१ पर्यंत त्यांनी १२५ सीसीच्या इंजिनातून २५ हॉर्सपॉवर काढली होती. त्याच वर्षी एमझेडचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेत गेला आणि हे ज्ञान सुझुकीकडे पोहोचलं. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, डेग्नर सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला.

लांबी किती ठेवायची?

सगळी गंमत इथेच आहे. लाट जाऊन परत यायला लागणारा वेळ आणि पोर्ट उघडा राहण्याचा वेळ जुळला पाहिजे.

क्रँकवर डिग्री व्हील लावून एक्झॉस्ट पोर्ट किती अंश उघडा राहतो ते मोजतात. समजा, तो १८० अंश आला आणि गाडीने ८,५०० आरपीएमला जोर दाखवावा असं वाटतं. या वेगाला १८० अंश फिरायला ०.००३५ सेकंद लागतात. लाटेचा वेग ५१८ मीटर धरला, तर ती जाऊन-येऊन १.८३ मीटर पळेल. म्हणजे पिस्टनपासून उलट्या शंकूच्या मध्यापर्यंतचं अंतर त्याच्या निम्मं, सुमारे ९१ सेंटिमीटर.

हेच गणित ७,५०० आरपीएमला केलं तर अंतर १०४ सेंटिमीटरच्या आसपास येतं. पाइप आखूड केला की जोर वरच्या आरपीएमला सरकतो आणि खालचा दम जातो. कंपनीच्या आरएक्सची ११ हॉर्सपॉवर ७,५०० आरपीएमला मिळते. रोज शहरात चालवायची असेल तर त्याच्या आसपास राहणं शहाणपणाचं.

प्रत्यक्ष काम कसं होतं?

१. आधी जुना सायलेन्सर तपासतात. अनेकदा तो फक्त तुंबलेला असतो. कार्बन साफ केला की गाडी पुन्हा पळते आणि नव्या पाइपचा खर्चच वाचतो.

२. मग कागदावर शंकू उलगडतात. रुंद तोंड ८० मिमी, अरुंद तोंड ४० मिमी आणि तिरकी लांबी २०० मिमी असेल, तर ४०० आणि २०० मिमी त्रिज्येचे दोन कंस काढून ३६ अंशांचा तुकडा कापायचा. तो गुंडाळला की शंकू तयार.

३. पत्रा साधारण १ मिमी जाडीचा सीआर शीट घेतात. जाड पत्रा वळत नाही, पातळ पत्रा वेल्डिंगला जळतो आणि चालताना खणखणतो.

४. सगळे तुकडे आधी फक्त टाक्यांवर जोडून गाडीला लावून बघतात. किक, फुटरेस्ट, ब्रेक पेडल, मागचं टायर, कशालाही लागता कामा नये. सस्पेन्शन पूर्ण दाबूनही बघायचं.

५. मग पक्कं वेल्डिंग. आतल्या बाजूला वेल्डिंगचे गोळे राहिले तर लाटेला अडथळा होतो.

६. पाइप चेसिसला रबर लावून बसवतात. घट्ट कसला तर व्हायब्रेशनने तडा जातो. इंजिनाच्या तोंडाशी नवीन गॅस्केट हवीच.

मग पिस्टन का जातो?

दोन कारणं. पहिलं, स्टिंगर फार बारीक ठेवला तर उष्णता आत कोंडते आणि पिस्टनला भोक पडू शकतं. बेंड पाइपच्या व्यासाच्या ६० टक्क्यांच्या आसपास व्यास हा सुरुवातीसाठी बरा अंदाज.

दुसरं, पाइप बदलला की इंजिन जास्त हवा ओढू शकतं. कार्ब्युरेटरचा मेन जेट जुनाच ठेवला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि भरधाव वेगात पिस्टन पकडतो. मागचं चाक जाम होऊन माणूस रस्त्यावर येऊ शकतो. म्हणून आधी मोठा जेट लावून हळूहळू खाली यायचं, प्रत्येक वेळी प्लग काढून बघायचा. तपकिरी रंग बरा, पांढरा धोक्याचा, काळा ओला म्हणजे पेट्रोल जास्त.

आणि पोलिसांनी पकडलं तर?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या तपशिलाशी गाडी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२ अ नुसार प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज किंवा धुराची मर्यादा मोडून गाडी चालवली तर कलम १९० (२) : पहिल्या गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स निलंबित. आपल्याकडे जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

पीयूसीही चुकत नाही. ३१ मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे.

म्हणून रस्त्यावरच्या गाडीला कंपनीच्या मापाचा, पूर्ण आवाज दाबणारा सायलेन्सरच बसवा. रेसिंगचा पाइप ट्रॅकवरच्या गाडीला. आणि "जाळी काढली की पिकअप वाढतो" असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, बहुतेक वेळा त्याने आवाज वाढतो, ताकद वाढतेच असं नाही. टू स्ट्रोकचा जोर लाटेच्या अचूक वेळेत आहे, आरडाओरड्यात नाही.