पटावरचा भिडू

पनवेलला लागून असलेल्या उरण तालुक्यात समुद्रातलं घारापुरी बेट आहे. तिथल्या मुख्य लेण्यात कैलासावर बसलेल्या शिवपार्वतीचं एक शिल्प आहे. द्यूतात शंकरानं फसवलं म्हणून पार्वती रुसली आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. वेरूळच्या 21व्या लेण्यात तर दोघं खेळतानाच कोरलेली आहेत. फाशांचा हा नाद पुढे सारीपाटात आणि पचीसीत रुळला.

पचीसीचा पट कापडी असतो, अधिक चिन्हासारखा. चार पट्टे, प्रत्येकात तीन ओळी, ओळीत आठ घरं, म्हणजे एकूण 96 घरं. प्रत्येक पट्ट्यात तीन घरांवर फुली असते; तिथे बसलेली सोंगटी कुणी मारू शकत नाही. पट गुंडाळला की पिशवीत मावतो.

दान पाडायला कवड्या. कवडी ही समुद्राची वस्तू. मालदीवकडून गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर यायची. सहा कवड्या टाकायच्या आणि उताण्या किती पडल्या ते मोजायचं. दोन, तीन, चार, पाच किंवा सहा उताण्या पडल्या तर तेवढंच दान. एकच उताणी पडली तर दहा. सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस, आणि खेळाचं नावही त्यावरूनच. सहा, दहा किंवा पंचवीस पडले की पुन्हा टाकायला मिळतं.

या दानांतच खेळाची खरी करामत आहे. कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली, तर सहा कवड्या 64 तऱ्हांनी पडू शकतात. त्यांतल्या 20 तऱ्हांत तीनचं दान येतं, सहांत दहाचं, आणि पंचवीस फक्त एका तऱ्हेत. म्हणजे मुरलेल्या खेळाडूला साधारण काय पडेल याचा अंदाज असतो. मागून येणारा गडी तीन घरांवर आहे की सहा, हे पाहून तो आपली सोंगटी फुलीवर नेतो किंवा धोका पत्करून पुढे काढतो.

इंग्लंडमध्ये 1896 साली लुडोचं पेटंट घेतलं गेलं तेव्हा कवड्या गेल्या आणि एकच चौकोनी फासा आला. एक ते सहा, सगळ्यांची शक्यता सारखी. अंदाज बांधायला जागाच उरली नाही. मुलांना खेळ सोपा झाला हे खरं, पण माझ्या मते पचीसीची अक्कल तिथेच हरवली.

ती अक्कल आजच्या खेळांत पुन्हा दिसते. जर्मनीच्या क्लाउस टॉयबर यांनी 1995 साली आणलेल्या कटानमध्ये दोन फासे टाकतात. त्यांच्या 36 तऱ्हांपैकी सातची बेरीज सहा तऱ्हांत येते, बाराची एकाच. पटावरच्या आकड्यांखाली ठिपके छापलेले असतात; जितके ठिपके, तितकी तो आकडा पडण्याची शक्यता जास्त. खेळणारा ते पाहूनच वस्ती कुठे करायची ते ठरवतो. टॉयबर यांनी हे पचीसीतून उचललं असं मी म्हणत नाही. पण नशीब असमान वाटून खेळाडूला विचार करायला लावायचं, ही युक्ती कवड्यांनी फार आधी साधली होती.

लुडोनं आणखी एक गोष्ट टाकली, आणि मला तीच जास्त लागते: भिडू. पचीसीत समोरासमोर बसलेले दोघे एका बाजूचे. पिवळ्या-काळ्या सोंगट्या विरुद्ध लाल-हिरव्या. एकाच्या चारही सोंगट्या घरी पोचून डाव संपत नाही, दोघांच्या मिळून आठ पोचाव्या लागतात. त्यामुळे पुढे असलेला खेळाडू दाराशी आलेली सोंगटी आत न नेता पटाला दुसरा फेरा घालू शकतो, भिडूच्या वाटेतले गडी मारायला. तसं केलं की ती सोंगटी पुन्हा मारली जाण्याच्या टप्प्यात येते. मॅट लीकॉक यांच्या 2008च्या पँडेमिकमध्ये सगळे खेळाडू एका बाजूनं रोगांच्या साथीशी लढतात, तेव्हा हाच पेच समोर येतो: स्वतःची सोय बघायची की अडकलेल्या सोबत्याकडे वळायचं. लुडो छापणाऱ्यांनी पटाच्या मागे भिडूचा नियम परत छापावा. त्यासाठी नवी सोंगटीसुद्धा लागत नाही.