सोबतीची खाट आणि मंडळावरची खुर्ची

1946 साली देशातल्या आरोग्यसेवांची पाहणी करणाऱ्या भोर समितीने आपला अहवाल सरकारला दिला, तेव्हा अखंड हिंदुस्थानात मनोरुग्णालये होती 19 आणि त्यांत खाटा होत्या 10,181. लोकसंख्या 40 कोटींच्या घरात होती. समितीसाठी या रुग्णालयांची पाहणी रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी केली. त्यांचा निष्कर्ष असा, की यांतल्या बहुतेक इमारती माणसाला बरे करण्यासाठी बांधलेल्याच नाहीत, त्या त्याला कोंडून ठेवण्यासाठी बांधलेल्या आहेत. मनोरुग्णांविषयीचा 1912 चा कायदाही त्याच विचाराचा होता. मॅजिस्ट्रेटचा हुकूम व्हायचा, माणूस आत जायचा आणि घरचे लोक फाटकाबाहेर राहायचे. पण 40 कोटींना दहा हजार खाटा याचा दुसरा अर्थ असा, की या देशातल्या मनाने आजारी माणसांपैकी जवळजवळ सगळ्यांना घरांनीच सांभाळले. सरकारी व्यवस्था उभी राहण्याआधी ही व्यवस्था होती आणि ती आजही मोडलेली नाही. एवढे ओझे उचलणाऱ्या घरांना आणि ज्यांचा आजार आहे त्या माणसांना उपचारांची व्यवस्था ठरवताना कधी, किती आणि कोणत्या नात्याने विचारले गेले, हे पाहायला हवे. त्या इतिहासातून मला एकच गोष्ट ठळकपणे दिसते. आपण नातेवाइकांना आधी कामाला घेतले, निर्णयात फार उशिरा घेतले. आणि रुग्णाला अजून पुरते कशातच घेतलेले नाही.

या गोष्टीची सुरुवात अमृतसरला होते, आणि ती फाळणीच्या सावलीत होते. लाहोरच्या मनोरुग्णालयातले हिंदू आणि शीख रुग्ण 1950 च्या अखेरीस सीमेपलीकडून आणले गेले. ते सुमारे साडेचारशे होते. बरेचसे अमृतसरला राहिले, उरलेल्यांना रांचीला धाडण्यात आले. मंटोने ज्या अदलाबदलीवर कथा लिहिली, ती हीच. अमृतसरच्या रुग्णालयात आधीच दाटी, नोकरवर्ग अपुरा आणि रुग्णांची रीघ लागलेली. अशा वेळी तिथले अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णासोबत घरच्या माणसांनाही राहायला सांगितले. आई, भाऊ, बायको, जो कोणी येईल तो. स्वयंपाक त्यांनी करायचा, रुग्णाला जेवू घालायचे, औषध द्यायचे, रात्री लक्ष ठेवायचे. दिवस कलला की डॉक्टर त्यांच्यात येऊन बसत. हा आजार कशाने होतो, बाधा किंवा करणी का नव्हे, घरी गेल्यावर काय सांभाळायचे, हे त्यांच्या ओळखीच्या धर्मकथांचा आधार घेत समजावून सांगत. शेजारच्या तंबूतला तरुण आठवड्याभरात शांत झालेला दिसला, की नव्याने आलेल्या बापाची भीती निम्मी होई. रुग्ण लवकर सुधारत आणि मुख्य म्हणजे घरी परत जात. ज्या काळात मनोरुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही असेच सगळे धरून चालत, त्या काळात हे मोठेच काम होते. विद्यासागरांनी शास्त्रीय लेखन फारसे केले नाही, म्हणून त्यांचे नाव जगाच्या पुस्तकांत थोडे आणि पंजाबच्या आठवणीत जास्त राहिले. मला हा आपल्या वैद्यकाच्या इतिहासावरचा अन्यायच वाटतो.

वेल्लोरला हीच कल्पना वेगळ्या वाटेने आली. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार केंद्रात 1957 पासून रुग्णाबरोबर एका नातेवाइकाने राहायचे, असा नियमच झाला. पुढे बंगळूरनेही कुटुंबासाठी वेगळी व्यवस्था केली. परदेशी नियतकालिकांत या पद्धतीची वाखाणणी झाली, आणि ती योग्यच होती. परंतु या तिन्ही ठिकाणी नातेवाइकाच्या वाट्याला नेमके काय आले, हे तपासून पाहायला हवे. त्याच्या वाट्याला शुश्रूषा आली आणि शिकवण आली. रुग्णालय कसे चालावे, पैसा कशावर खर्च व्हावा, विजेचे झटके कधी द्यावेत आणि कधी नाहीत, तक्रार कोणाकडे करावी, यांपैकी एकाही प्रश्नावर त्याला बसवून घेऊन विचारल्याचे दिसत नाही. तो सोबतीला होता, सल्ल्याला नव्हता. ही पद्धत जन्मली तीच टंचाईतून. नर्स कमी होत्या, म्हणून आई आली. विद्यासागरांचे मोठेपण हे, की त्यांनी त्या आईला शहाणे केले आणि तिच्याकडून स्वतःही शिकले. पण त्यांच्यानंतर बहुतेक ठिकाणी टंचाईची सोय तेवढी उरली, आणि ‘आपली कुटुंबव्यवस्था’ असे म्हणत तिचा गौरव करणे सोपे झाले.

1987 च्या मानसिक आरोग्य कायद्याकडे पाहिले की ही विभागणी कागदावर उतरलेली दिसते. तो प्रत्यक्षात लागू झाला 1993 मध्ये. त्यात नातेवाइकाला एक मोठा अधिकार होता: त्याने अर्ज करावा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडावेत, आणि रुग्णाला त्याच्या संमतीवाचून 90 दिवसांपर्यंत दाखल करता यावे. रुग्णालयाची पाहणी करायला अभ्यागत नेमायचे होते, त्यांत डॉक्टर होते, समाजकार्यकर्ते होते. उपचार घेतलेल्या माणसासाठी जागा कुठेच नव्हती. त्याच 1993 साली, मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की गुन्हा नसताना केवळ मनाने आजारी म्हणून माणसाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आहे. स्वतंत्र देशात हे सांगायला शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. त्यानंतर आठ वर्षांनी, 6 ऑगस्ट 2001 रोजी, तामिळनाडूतल्या एरवाडी या दर्ग्याच्या गावी एका खासगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली 28 माणसे जळून मेली. त्यांतल्या अनेकांना त्यांच्याच घरच्यांनी तिथे आणून सोडले होते. हे लिहिताना त्या घरांना दोष द्यायचा मोह आवरला पाहिजे. जवळ दवाखाना नव्हता, औषधाला पैसा नव्हता आणि उपायांची आशा दर्ग्यापाशीच उरली होती. एरवाडीने हेच दाखवले, की व्यवस्था आखताना घरांना विचारले नाही तर ती घरांच्या उपयोगाची होत नाही. आणि आजारी माणसाला विचारले नाही तर घरच त्याला बेडीपाशी नेऊन सोडते.

विचारणे म्हणजे काय, याचे धडे महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, सरकारच्या बाहेर गिरवले जात होते. 1986 साली डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेले लोकच पुढे समुपदेशक झाले. व्यसन आणि तीव्र मानसिक आजार सारखे नाहीत, हे मान्य. पण ज्याने स्वतः भोगले आहे त्याचा शब्द उपचारात उपयोगी पडतो, हे तिथे मराठी समाजाने डोळ्यांनी पाहिले. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांना पत्नीच्या आजारामुळे स्किझोफ्रेनियाची घरातून ओळख होती. तिकडच्या कुटुंबांच्या संघटना त्यांनी पाहिल्या होत्या, आणि 1997 मध्ये त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. याच आजारावरचा ‘देवराई’ हा चित्रपट निघाला त्यामागेही त्यांचा पुढाकार होता. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांमध्ये रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. असोसिएशनचा आवाज मुख्यतः शुभंकरांचा होता: औषधे मिळत नाहीत, पुनर्वसन नाही, आमच्यामागे याचे काय होणार? पुण्यातच 1999 साली भार्गवी दावर यांनी बापू ट्रस्ट उभा केला, तो आपल्या आईच्या नावाने. मनोरुग्णालयांचा अनुभव त्यांच्या घरात होता. त्यांनी मांडला तो शुभार्थींचा प्रश्न: माझ्या शरीरावर, माझ्या मनावर माझ्या संमतीशिवाय उपचार का? एकाच शहरात, दोन वर्षांच्या अंतराने उभे राहिलेले हे दोन आवाज एक नव्हते. शुभंकराला खाट हवी असते, शुभार्थीला दार उघडे हवे असते. दोघेही खरे बोलत असतात. ‘रुग्ण व नातेवाईक’ असा एकच शब्दसमूह करून दोघांना एका रकान्यात बसवणे ही प्रशासनाची सोय आहे. तिथे हा फरक पुसला जातो.

हा फरक 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या वेळी उघड्यावर आला. भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 2007 मध्ये स्वीकारला होता, आणि ज्यांच्यासाठी कायदा करायचा त्यांना विचारून करा, हे बंधन त्यात होते. 2010 मध्ये मसुद्याचे काम पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील केंद्राकडे, डॉ. सौमित्र पठारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे आले. शुभार्थी आणि शुभंकर या वेळी पहिल्यांदाच मसुद्यावर बोलले. टीका दोन्ही बाजूंनी झाली. अनेक मनोविकारतज्ज्ञांनी म्हटले, की रुग्णाने आपला प्रतिनिधी आपणच नेमावा, आजारात कोणते उपचार चालतील हे आधीच लिहून ठेवावे, या कल्पना पाश्चात्त्य आहेत आणि भारतीय कुटुंबाला तडा देणाऱ्या आहेत. उलट बापू ट्रस्टसारख्यांचे म्हणणे असे, की संमतीवाचून दाखल करण्याची वाट या कायद्यातही उघडीच राहिली. कायदा संमत झाला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. भूल दिल्याशिवाय झटके देणे आणि माणसाला साखळीने बांधणे आता कायद्याने बंद आहे.

कुटुंबाला तडा जातो या आक्षेपाचा गांभीर्याने विचार केला पाहिजे, कारण ज्या घरांनी सत्तर वर्षे ओझे वाहिले त्यांच्याबद्दल तो बोलतो. पण कायदा कुटुंबाला बाहेर काढत नाही. रुग्णाने कोणाला नेमले नसेल, तर प्रतिनिधी म्हणून नातेवाईकच पुढे येतो. कायदा फक्त एवढे म्हणतो, की कोणता नातेवाईक ते रुग्णाला सांगता यावे. याची गरज का आहे, हे ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातल्या एका स्त्रीच्या प्रकरणातून कळते. डॉ. हरीश शेट्टी या मनोविकारतज्ज्ञांनी मुंबई उच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतून ते समोर आले. घरी जाण्याइतकी बरी असूनही ती दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिली. घरच्यांनी तिला नेले नव्हते. बहुतेक घरे अशी नसतात. तरीही नियम करायचा तो अशा घरांचा विचार करूनच करावा लागतो. सरकारही घरांहून शहाणे ठरलेले नाही. बऱ्या झालेल्या माणसांना मनोरुग्णालयातून काढून भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात ठेवण्याचा प्रकार महाराष्ट्रात झाला, आणि तो थांबवायला 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. त्या माणसांपैकी एखाद्याला तुम्हाला कुठे राहायचे आहे असे विचारले असते, तर हे घडले नसते.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक चिवट आहे: ज्याचे मन ठिकाणावर नाही त्याच्या मताने सेवा कशी आखायची? यात एक चूक दडलेली आहे. आजार हा माणसाचा कायमचा गुण आहे, असे यात गृहीत धरले आहे. तीव्र आजारांचेही भर येतात आणि ओसरतात. मधल्या काळात माणूस नोकरी करतो, संसार करतो, मतदान करतो. शिवाय भ्रमाच्या ऐन भरात असलेल्या माणसालाही वॉर्डात पाणी मिळते की नाही, कोण मारते, कोण हाक ऐकते, हे कळते, आणि डॉक्टरांच्या फेरीत ते दिसत नाही. गुजरातमध्ये 2014 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या क्वालिटी राइट्स उपक्रमाखाली सहा सरकारी केंद्रांत नेमके हेच करून पाहिले गेले. कर्मचाऱ्यांना हक्कांचे प्रशिक्षण दिले, उपचार घेतलेल्या लोकांनाच इतरांच्या मदतीला उभे केले, नातेवाइकांचेही गट केले. वर्षभराने तुलनेसाठी निवडलेल्या तीन केंद्रांपेक्षा इथली सेवा सुधारलेली आढळली, कर्मचाऱ्यांची दृष्टी बदललेली आढळली, आणि नातेवाइकांवरचा ताणही कमी झाला. म्हणजे शुभार्थीला ऐकल्याने शुभंकराचे नुकसान होत नाही. या साऱ्या वादात मला हाच सर्वांत बळकट पुरावा वाटतो.

उरतो तिसरा आक्षेप, की दोन-चार जागा दिल्याने काही होत नाही, ते नावापुरते असते. या आक्षेपाशी मी बराचसा सहमत आहे. कायद्याप्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणात मानसिक आजाराचा अनुभव असलेल्यांचे दोन आणि काळजी घेणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी असायला हवेत. महाराष्ट्रात हे प्राधिकरण स्थापनेनंतर वर्षानुवर्षे भेटलेच नव्हते, हीही बाब डॉ. शेट्टींच्या त्याच याचिकेच्या सुनावणीत पुढे आली. न भरलेल्या बैठकीत कोणाचाही आवाज उठत नाही. जिल्ह्यांच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळात तर त्याहून खोल त्रुटी आहे, आणि दाखल झालेला माणूस दाद मागतो ती याच मंडळापुढे. मंडळात सहा जण: जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि उरलेल्या दोन जागा रुग्ण, किंवा काळजी घेणारे, किंवा त्यांच्या संघटना, किंवा या क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्था यांपैकी कोणासाठीही. म्हणजे मानसिक आजार स्वतः भोगलेला एकही माणूस नसलेले मंडळ पूर्णपणे कायदेशीर ठरते. रुग्णाला निर्णयाबाहेर ठेवण्याची अमृतसरच्या तंबूपासून चालत आलेली सवय इथेही टिकली आहे. हे दुरुस्त करायला संसदेत जाण्याची गरज नाही. नेमणूक करतानाच या दोन जागांपैकी एक शुभार्थीला आणि एक शुभंकराला द्यायची, कामाच्या दिवसाचे मानधन आणि प्रवासखर्च द्यायचा, आणि मंडळांच्या बैठकांच्या तारखा जाहीर करायच्या, एवढे महाराष्ट्राला आजच्या कायद्यातच करता येते. ते राज्याने करावे, आणि पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांनी त्यासाठी आपल्यातली नावे आपणहून पुढे करावीत.